पुलाचे सहा सांधे आणि माझी अक्का

माझी थोरली बहीण एकतीस वर्षं पोकळी साफ करत आली. हसा, हसा. मीही हसायचो. नंतर तोंड कुठे लपवू असं झालं, तेच सांगायला बसलोय.

आमचं शहर जुनं. नदीच्या या काठाला तटाच्या आतला भाग, म्हणजे दगडी पायऱ्या आणि वाकड्या गल्ल्या, सायकल न्यायची तर हँडल तिरकं करावं लागतं. त्या काठाला नवा भाग, दवाखाने, कॉलेज, कारखाने, रुंद रस्ते. मधे पूल. काँक्रीटचा, राखाडी, दिसायला अगदीच सुमार. बाहेरून आलेले लोक तटाचे फोटो काढतात, आणि ते काढायला पुलावरच उभे राहतात. पुलाचा फोटो कुणी काढत नाही. मला त्यांचा राग येतो. अहो, तट उद्या ढासळला तर चार लोक हळहळतील आणि जेवायला बसतील. पूल गेला तर आमच्या बाजूच्या बाईला बाळंतपणाला जायला होडी शोधावी लागेल.

या पुलाचे पाच गाळे. गाळ्यागाळ्यांच्या मधे चार आणि दोन काठांना दोन, असे सहा सांधे. सांधा म्हणजे रस्त्याला आडवी सोडलेली मोकळी जागा, दोन्ही कडांना लोखंडी पट्टी. काँक्रीट उन्हात फुगतं, थंडीत आक्रसतं. दिसत नाही, पण फुगतं. थंडीत या सांध्यात माझी दोन बोटं जातात, उन्हाळ्यात एकही जात नाही. ही जागा मोकळी ठेवायची, एवढंच अक्काचं काम. खडा अडकला की उन्हाळ्यात दोन्ही बाजू त्याच्यावर दाबतात आणि काठाचा टवका उडतो. म्हणून रोज सकाळी एक सांधा, सहा दिवसांत सहा, सातव्या दिवशी सुट्टी. अर्धा रस्ता अडवायचा, लाल निशाण लावायचं आणि लांब आकडी घेऊन गुडघ्यावर सरकत कोरत जायचं. निघायचं काय? खडे, खिळे, बाटल्यांची झाकणं. एकदा कवळीचे दोन दात निघाले. ते तिने आठवडाभर खिशात बाळगले, कुणी शोधत आलं तर असावेत म्हणून.

लोक तिला सांधेवाली बाई म्हणायचे. भाजीबाजारात एका म्हाताऱ्याने तिला विचारलं होतं, "बाई, माझ्या गुडघ्याला काय लावू?"

"रोज आकडीने कोरा," अक्का म्हणाली, आणि वांग्यांचा भाव करत राहिली.

हे काम आधी दाजींचं. ते तापाने गेले तेव्हा अक्का अठ्ठावीस वर्षांची, पोर कडेवर. पूल विभागाने सांगितलं, बाईमाणसाला भर रस्त्यात बसवता येणार नाही, ऑफिसात झाडूचं काम देतो. अक्का म्हणाली, "झाडायला मला घरी आहे. मला त्यांचं काम द्या." नाही म्हणाले. मग ही बया पोरीला घेऊन चार दिवस ऑफिसच्या जिन्यात बसली. येणाऱ्याजाणाऱ्याला तिला ओलांडून जावं लागे. पाचव्या दिवशी तेव्हाचे साहेबच अडखळून पडता पडता वाचले, आणि दुपारी सही झाली.

एकदा कुणा बड्या माणसाच्या गाड्यांचा ताफा आला. सांध्याची पट्टी सैल झाली होती, अक्का ती आवळत होती. पुढच्या गाडीतला खाली उतरून ओरडला, "बाजूला हो! मागच्या गाडीत कोण आहे माहिती आहे का?"

"कुणी का असेना. टायर रबराचंच आहे ना? फाटेल," अक्का म्हणाली आणि मान वर न करता पाना फिरवत राहिली. ताफा अकरा मिनिटं उभा. मी मागच्या बसमधून बघत होतो, आणि ही आपली कुणीच नाही असं दाखवत होतो.

हो, मी सिटी बसचा ड्रायव्हर. आता माझं पाप ऐका.

दिवसातून चौदा वेळा मी हा पूल ओलांडायचो. दर वेळी सहा धक्के. धाड, धाड, धाड. कंबर कामातून गेली. एका आजीबाईंची धक्क्याने जीभ चावली गेली, तर त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डेपोत सगळेच वैतागलेले. शेवटी मी कागद घेतला. माझं अक्षर बरं आहे, त्याचीच मस्ती. "पुलावरील सहा ठिकाणच्या भेगा त्वरित बुजवून रस्ता सपाट करावा." खाली पहिली सही माझी, मग आणखी सव्वीस ड्रायव्हरांच्या. अक्काला सांगितलं नाही. घाबरलो म्हणून नव्हे. बरं, घाबरलो म्हणूनच.

त्या थंडीत अक्का मुलीच्या बाळंतपणाला गेली, पंधरा दिवसांसाठी. तेवढ्यात पूल विभागाचा मुकादम आणि त्याची माणसं आली, सहाही सांध्यांत खडी ठासली, वर डांबर ओतलं, रोलर फिरवला. काय सांगू तुम्हाला! पोटातलं पाणी हलेना. ड्रायव्हरांनी मला चहा पाजला. मी घरी बायकोसमोर छाती पुढे काढून सांगितलं की एका अर्जात काम फत्ते. बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "वन्संना विचारलंत का?" मी म्हटलं, "तिला काय विचारायचं? तिचं काम कमीच झालं." बायकोने भाजीची टोपली उचलून आत नेली.

अक्का परत आली ती माझ्याच बसने. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मांडीवर बोचकं, नातीचं कौतुक चाललेलं. पहिला सांधा आला, गेला. धक्का नाही. अक्का बोलायची थांबली. दुसरा गेला.

"गाडी थांबव," ती म्हणाली.

"अगं, इथे थांबा नाही."

"धाकट्या, थांबव म्हणते ना!"

पन्नाशीच्या माणसाला भर बसमध्ये धाकट्या म्हटल्यावर काय उरतं? थांबवली. अक्का बोचकं घेऊन उतरली, मागे चालत गेली, आणि जिथे सांधा होता तिथे डांबरावर हात ठेवून उकिडवी बसली. मागच्या गाड्यांनी भोंगे लावले. मी बस पुढे काढली. आरशात ती लहान लहान होत गेली तरी उठली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली. आत्ताचे साहेब तिच्या मुलीपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठे. त्यांनी तिला शांतपणे सांगितलं की जनतेची तक्रार होती, आणि फाइल उघडून तक्रार दाखवली. संध्याकाळी अक्का आमच्या खोलीत आली. ती खाली राहते, आम्ही वर. दारातच उभी राहिली.

"अक्षर सुरेख आहे तुझं," म्हणाली. "आईने तुला शाळेत घातलं त्याचं चीज झालं."

"अक्का, कंबर माझी जाते, तुझी नाही!" मी उलट चढलो. चूक असली की माझा आवाज मोठा होतो.

"कंबर जाते तर गाडी हळू चालव. सांध्यावर ताशी वीसने जा असा बोर्ड आहे पुलाच्या तोंडाला. एकाने तरी वाचलाय का?" मग तिचा आवाज बसला. "मला विचारायचंस रे. तुझ्या खालीच राहते ना मी? एकदा विचारायचंस."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी जेवलो नाही. बायकोने ताट उचललं आणि म्हणाली, "उपास करून सांधे उघडत नाहीत."

अक्काने मला त्यानंतर समजावून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. बुजवलं तेही थंडीत, म्हणजे सांधा सगळ्यात रुंद असताना. आता ऊन वाढलं की गाळे फुगणार, आणि मधे ठासलेली खडी. जागा मिळाली नाही की एकमेकांना रेटणार, आणि काठाच्या भिंतीला रेटणार. "पूल बोलत नाही," ती म्हणाली, "पण मोडायचं ते मोडतोच."

तिने चार अर्ज दिले. पहिल्याला उत्तर आलं, 'नोंद घेतली'. बाकीच्यांना तेही नाही. ऊन तापायला लागलं तसं सांध्यांच्या जागी डांबर वर उचललं जाऊ लागलं, रस्त्याला आडवं टेंगूळ. मग खालून काँक्रीटचे टवके पडायला लागले. नदीकाठच्या पायवाटेवर एक बशीएवढा तुकडा पडला, एका बाईच्या चार पावलं पुढे. अक्का रोज खाली उतरून तुकडे एका पत्र्याच्या डब्यात गोळा करायची. एक दिवस तिने तो डबा नेऊन साहेबांच्या टेबलावर उपडा केला.

साहेबांनी फाइली झटकल्या. "बाई, पूल जुना झालाय. थोडंफार पडायचंच."

"तुमच्या घराचं छत असं थोडंफार पडलं तर तुम्ही खाली झोपाल का?"

"तुमची दीड वर्षं राहिलीत," साहेब म्हणाले. "सुखाने निवृत्त व्हा की."

अक्का घरी आली, आणि दाजींची जुनी छिन्नी दगडावर घासत बसली. मी विचारलं, काय चाललंय? "भाजी चिरायचीय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, भर गर्दीत, माझी भरलेली बस पुलाच्या मध्यावर आली आणि समोर लाल निशाण. अक्का गुडघ्यावर बसून तिसरा सांधा फोडत होती. घाव घालायची, खडी उपसायची, बाजूला ढीग करायची. मागे रांग लागली. बसमधले बोंबलायला लागले. मी उतरलो.

"अक्का, उठ! नोकरी जाईल तुझी!"

"गाडी मागे घे. टवके उडतायत, काचेला लागतील."

"अगं, परवानगी आहे का तुझ्याकडे?"

"बुजवणाऱ्यांकडे होती. त्यांनी काय दिवे लावले ते बघ." आणि पुन्हा घाव घातला. घामाने डोळे मिटत होते तिचे, पण हात थांबत नव्हता. खरं सांगतो, मला तेव्हा तिची लाज वाटली. आज त्या लाजेची लाज वाटते.

पोलीस आले, मुकादम आला, साहेब जीपमधून आले. तोवर तिचा सांधा या कडेपासून त्या कडेपर्यंत मोकळा झाला होता. तिने छिन्नी डब्यात टाकली, कपडे झटकले आणि साहेबांना म्हणाली, "एक झाला. पाच राहिले." तिला जागेवरच निलंबित केलं. आठ दिवसांनी चौकशी. सरकारी मालमत्तेची नासधूस, विनापरवानगी खोदकाम, वाहतुकीस अडथळा. साक्षीदार म्हणून बोलावलं कुणाला? मूळ तक्रारदाराला. म्हणजे मला.

चौकशीची खोली लहान, पंखा कुरकुरणारा, भिंतीला पुलाचा पिवळा पडलेला नकाशा. साहेब, एक कारकून, अक्का आणि मी. साहेबांनी गोड आवाजात सुरुवात केली.

"सांधे बुजवल्यावर बस सुरळीत जायला लागली ना?"

"हो साहेब."

"आणि यांनी तो एक उघडल्यावर तिथे पुन्हा धक्का बसतो?"

"बसतो."

"लिहा," साहेब कारकुनाला म्हणाले. अक्का नकाशाकडे बघत होती. माझ्याकडे बघतच नव्हती, आणि तेच मला सहन होईना.

"पुढचंही लिहा," मी म्हणालो. "बाकीच्या पाच जागी जे टेंगूळ आलंय तिथे जो धक्का बसतो, त्याच्यापुढे हा काहीच नाही. काल मागच्या सीटवरचा माणूस छताला लागला. बहिणीने उघडला तिथे टेंगूळ नाही, टवका नाही, काही नाही. पाहिजे तर चला दाखवतो. तक्रार माझी होती, अक्कल मात्र माझी नव्हती."

कारकून हसला आणि लगेच खोकला. साहेब लाल झाले. पण कागद तयारच होता. त्यांनी तो अक्कापुढे सरकवला. "बाई, मी वाईट माणूस नाही. माफी लिहून द्या, पुन्हा असं होणार नाही म्हणून. उद्यापासून कामावर या. नाहीतर बडतर्फ, मग मला सांगायला येऊ नका."

अक्काने कागद वाचला, परत सरकवला. "आधी बाकीचे पाच उघडा. मग माफी लिहिते. शब्द देते."

"अटी तुम्ही घालणार?"

"मी कुठे घालते? ऊन घालतंय."

साहेबांनी चार दिवसांची मुदत दिली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "लिहून टाक ना अक्का, कागदच तर आहे." तिने वळून माझ्याकडे बघितलं. "एकतीस वर्षं मी खरं काम केलं," ती म्हणाली. "आता ते खोटं होतं असं माझ्याच हाताने लिहू?" तिचे डोळे भरले होते. मी तिला दाजी गेल्यानंतर रडताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या सकाळी मी पहिली फेरी घेऊन पुलाच्या तोंडाशी आलो आणि बस बाजूला लावून इंजिन बंद केलं.

"मंडळी, उतरा. पुढे चालत. पलीकडे दुसरी बस मिळेल."

"का? पंक्चर आहे?"

"पूल आजारी आहे. मी त्याच्यावर गाडी घालणार नाही."

माझ्या आईबापाचा पुन्हा उद्धार झाला. पण लोक उतरले, चालायला लागले. आणि चालताना ते बघतात हो! बसमधून कुणाला काय दिसतं? चालताना कठड्याच्या जोडाला उडालेले टवके दिसले, टेंगळं दिसली, वाकून खाली बघितल्यावर उघडी पडलेली सळई दिसली. मागून आलेल्या ड्रायव्हरने मला विचारलं, काय रे बाबा? मी सांगितलं. तो त्या अर्जावर सही करणारा चौथा. त्याने शिवी हासडली आणि आपली बस माझ्या मागे लावली. दुपारपर्यंत दोन्ही काठांना बसच बस. डेपोचे मॅनेजर धावत आले, नोकरी घालवीन म्हणाले. मी म्हटलं, "घालवा. आमच्या घरात सध्या साथच आहे."

दोन दिवस एकही बस पूल ओलांडून गेली नाही. तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून मोठे इंजिनिअर आले. पिकलेल्या केसांचे, कमी बोलणारे. शिडी लावून पुलाच्या पोटाखाली गेले, तासाभराने धुळीने माखून वर आले आणि एकच विचारलं, "हे थंडीत बुजवायला कुणी सांगितलं?" साहेब मुकादमाकडे बघायला लागले, मुकादम नदीकडे.

सांधे उघडायला माणसं लागली, आणि पट्ट्यांना धक्का न लावता कसं उघडायचं हे माहीत असणारी बाई निलंबित. ऑफिसचा शिपाई तिला बोलवायला घरी आला तेव्हा मी म्हटलं, "जाऊ नकोस. आधी साहेबांना येऊ दे पायऱ्या चढून." अक्का तोवर चपला घालून उभी होती. "पूल काय साहेबाचा आहे?" म्हणाली आणि निघाली.

दिवसभर ती त्या पाच सांध्यांवर उन्हात उभी होती, या पोराच्या हाताला धर, त्या मुकादमावर ओरड. शेवटचा मोकळा झाला तेव्हा दुपार टळली होती. खडीचा शेवटचा थर निघाला आणि खालून एक लांब, जड आवाज आला, गाळा सरकल्याचा. अक्काने कठड्याला हात लावला आणि "बरं, बरं," असं काहीतरी पुटपुटली. ते आमच्यासाठी नव्हतं.

मग ऑफिसात. खुर्चीत मोठे इंजिनिअर, बाजूला साहेब उभे. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही शब्द दिला होता. सांधे उघडले. आता माफी."

"लिहिते की," अक्का म्हणाली. टेबलाच्या कोपऱ्यावर कागद घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिलं. मोठ्या इंजिनिअरांनी तो मोठ्याने वाचला:

"मी परवानगी न घेता एक सांधा उघडला, त्याबद्दल माफी मागते. बाकीचे पाच त्याच दिवशी उघडले नाहीत, त्याबद्दल जास्त माफी मागते. पुन्हा बुजवले तर मी पुन्हा उघडीन, आणि तेव्हा इतके दिवस लावणार नाही."

त्यांनी तो पुन्हा एकदा मनात वाचला, पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'कामावर घ्यावे'. साहेबांना राहवलं नाही.

"सर, पण यात आमची माफी कुठे आहे?"

अक्का दाराशी पोचली होती. तिने वळून बघितलं.

"तुमची कशाला?" ती म्हणाली. "मी पुलाची मागितलीय."